‘पोरं झोपली हुती’

घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला बसलं की एक वाक्य जवळपास प्रत्येक आईच्या तोंडी येतं. ‘पोरं झोपली हुती, त्यांनी काय बघितलं न्हाई.’ कुणी ते घाईनं सांगून मोकळी होते, कुणी मी विचारायच्या आधीच सांगते. बाई खोटं बोलत नसते. पोरांच्या अंगावर वाकळ होती, डोळे मिटलेले होते, एवढं तिनं पाहिलेलं असतं. पोरांपर्यंत काही पोचलं नाही या भरवशावरच ती सकाळी उठून चूल पेटवते. पण माझं सगळं संशोधन फिरून फिरून या वाक्यापाशी येतं, म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहायला बसले.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून मानसशास्त्रात पीएच.डी. करते. आईला घरात होणारी मारहाण आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांचं वागणं, हा विषय. आमचा भाग द्राक्षाचा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग विरळणी, उन्हाळ्यात बेदाण्याची शेडं. बायकांना बारा महिने काम. त्यामुळं माझ्या बहुतेक मुलाखती बेदाणा निवडायच्या शेडवर, दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत झाल्या. घरी जाऊन हे विचारता येत नाही. घरी सासू असते, दीर असतो, आणि बाई काय विचारून गेल्या हे दिवे लागायच्या आत गल्लीभर झालेलं असतं. त्याची किंमत तिला मोजावी लागते, मला नाही. (या लेखात जी मुलं येतील त्यांची इयत्ता आणि घरचे तपशील मी बदलले आहेत.)

आता त्या झोपेबद्दल. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या अ‍ॅलिस ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा ते बारा महिन्यांची बाळं, गाढ झोपलेली. झोपेतच त्यांच्या मेंदूचं एमआरआय चित्रण सुरू, आणि कानावर एका पुरुषाचा आवाज. शब्द निरर्थक, फक्त सूर बदलणारा: आनंदी, साधा, थोडा रागीट, खूप रागीट. ज्या घरांत आईवडिलांची भांडणं जास्त होती, त्या घरांतल्या बाळांच्या मेंदूत खूप रागीट सुराला जास्त प्रतिसाद दिसला, आणि तोही ताण नि भावना सांभाळणाऱ्या भागांत. बाळं वीसच होती आणि तिथं विचार भांडणांचा होता, मारहाणीचा नाही, त्यामुळं त्यातून वाटेल ते अनुमान काढू नये. तरी मी तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. बोलताही न येणारं, झोपलेलं बाळ घरातला सूर ऐकत होतं.

आमच्याकडची घरं आठवा. पुढं ओसरी, आत एक खोली, मधली भिंत पत्र्यापर्यंत न पोचलेली. कुठलं मूल काय ऐकत नसेल? जॉर्ज होल्डन नावाच्या अभ्यासकानं २००३ मध्ये, मूल घरातल्या हिंसेला किती तऱ्हांनी सामोरं जातं याचे दहा प्रकार मांडले. डोळ्यांनी पाहणं हा त्यातला फक्त एक. गर्भात असताना, मध्ये पडून, बापाच्या बाजूनं ओढलं जाऊन, नुसतं ऐकून, सकाळी आईचा सुजलेला डोळा पाहून, नंतर दुसऱ्याकडून कळून. आणि शेवटचा प्रकार, ज्याला काहीच माहीत नाही असं मोठ्यांना वाटतं ते मूल. ‘झोपली हुती’ म्हणतात ती बरीचशी मुलं या शेवटच्या प्रकारात बसवलेली असतात. मला भेटलेली मुलं मात्र तिथं बसत नाहीत.

दुसरीतला एक मुलगा. त्याच्या आईनं मला हेच सांगितलं होतं, की पोरगं झोपल्यावर घरात तमाशा होतो, त्याला ठाऊक नाही. मी मुलांना मारहाणीबद्दल थेट काही विचारत नाही. त्यांच्याकडून दिवसाचं वेळापत्रक काढून घेते, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतोस ते सांग म्हणून. हा सांगत सांगत रात्रीपर्यंत आला आणि म्हणाला, ‘मग पप्पाची गाडी येती. डबल स्टँडवर लावली की मी झोपतो.’ आणि नाही लावली तर? ‘भिंतीला टेकवली की जागा राहतो.’ दारू जास्त झालेल्या माणसाला मोटरसायकल ओढून मधल्या स्टँडवर चढवता येत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. सात वर्षांचं पोर अंधारात पडल्या पडल्या लोखंडाचा आवाज ऐकून त्या रात्री काय होणार याचा अंदाज बांधतं.

हाच मुलगा वर्गात हातच्याच्या वजाबाकीत अडकतो. एक दशक मोडून एककाकडं आणेपर्यंत त्याचं लक्ष दाराकडं गेलेलं असतं. मागच्या पोरानं दप्तर काढायला हात वर केला तरी हा आधी ठोसा मारतो, मग बघतो. शाळेत त्याची ओळख ‘मारकुटा’ अशी झाली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले सेथ पोलॅक यांनी दाखवलंय की स्वतः मार खाल्लेली मुलं रागाचा चेहरा फार थोड्या खुणांवरून, इतर मुलांच्या आधी ओळखतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले एमन मॅक्रॉरी यांनी २०११ मध्ये घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास केला, तेव्हा रागीट चेहरा दिसताच धोक्याची चाहूल घेणारे दोन भाग जास्त जोरानं जागे होताना दिसले. लढाईवरून आलेल्या सैनिकांतही असंच दिसलेलं आहे. त्या मुलांना कुठलाही मानसिक आजार नव्हता, हे त्यातलं महत्त्वाचं. म्हणजे हा बिघाड म्हणता येणार नाही, त्या घरात जगायला लागणारी ही तयारी आहे. घरी तिचा उपयोग होतो. चौतीस पोरांच्या वर्गात, जिथं हात सतत वरखाली होतात, तिथं ती तयारी त्याला रोज शिक्षा मिळवून देते.

मारकुटं पोर निदान दिसतं तरी. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्यांची.

चौथीतली एक मुलगी. अक्षर मोत्यासारखं, हजेरी भरलेली, परिपाठाला सगळ्यात पुढं, धाकट्या भावाचं ताटही खिचडी खाऊन झाल्यावर हीच विसळणार. कुठल्याही शिक्षकाला विचारा, असं लेकरू वर्गात हवं म्हणेल. तिनंही मला वेळापत्रक सांगितलं. शाळेतून आल्यावर पाणी भरते, भांडी घासते, शेळीला पाला टाकते, ईळी लपवते, अभ्यास करते. एका दमात, एका सुरात. मी विचारलं, ईळी कुठं लपवतेस? ‘गोठ्यात, कडब्याखाली. मुसळ पण. सकाळी मम्मी उठायच्या आधी परत ठेवते.’ तिच्या आईला हे माहीत नव्हतं. आईला सकाळी विळी जागेवर सापडत होती.

मुलांचं वागणं मोजायला मी ज्या प्रश्नावल्या वापरते त्यांतली एक ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली आहे. पंचवीस विधानं, प्रत्येकापुढं खरं नाही, थोडं खरं, नक्की खरं. आज्ञाधारक आहे का, लहान मुलांशी प्रेमानं वागते का, आपणहून मदत करते का. वर्गशिक्षकांनी हिच्यासाठी ती भरली, तेव्हा सगळी उत्तरं उत्तम आली. अडचणींच्या ओळींपैकी एकीपुढंच ‘नक्की खरं’ होतं: पोटदुखी, डोकेदुखीची तक्रार वारंवार करते. तिची पोटदुखी शाळेत सगळ्यांना माहीत होती. आरोग्य तपासणीत जंताची गोळी दिली होती. हिच्याबद्दल शाळेची काही तक्रार नव्हती, आणि म्हणून तिच्याकडं कुणी वळून पाहिलेलं नव्हतं.

पुस्तकांत वागण्याच्या अडचणींचे दोन मोठे गट करतात, बाहेर पडणाऱ्या आणि आत जिरणाऱ्या. मुलगे मारामारी करतात आणि मुली मिटून जातात असं आपण सहज म्हणतो. संशोधन तितकं सरळ बोलत नाही. कॅथरीन किट्झमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ११८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात मुलगा-मुलगी असा ठळक फरक निघाला नाही. पुढं २००८ मध्ये साठ अभ्यासांच्या एका आढाव्यात बाहेर पडणाऱ्या अडचणी मुलग्यांत जास्त दिसल्या. माझ्याकडं मिटून गेलेले मुलगेही आहेत, आणि मैत्रिणीच्या वेण्या धरून आपटणारी एक मुलगीही आहे. त्याच किट्झमन यांच्या आढाव्यातली दुसरी गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगते: ज्यांनी फक्त पाहिलं त्या मुलांची अवस्था, ज्यांना स्वतः मार बसला त्यांच्यापेक्षा वेगळी निघाली नाही. ‘पोरांना कधी हात लावत न्हाईत’ हे वाक्यही बायका दिलासा म्हणून सांगतात. त्यांच्यापुढं मी ही आकडेवारी उघडत नाही, तिला आणखी अपराधी वाटावं म्हणून मी तिथं गेलेली नसते. पण शिक्षकांपुढं, सासऱ्यांपुढं, पोलीस पाटलांपुढं मी ती नक्की उघडते.

संशोधनाच्या रीतीबद्दलही लिहायला हवं, कारण त्यात खरी अडचण आहे. लहान मुलाला अभ्यासात घ्यायचं तर पालकाची लेखी संमती लागते. आमच्याकडं पालक म्हणजे वडील. शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत सही वडिलांचीच. म्हणजे ज्या माणसाच्या हातून घरात हिंसा होते त्याच्यापुढंच कागद धरायचा, की तुमच्या हिंसेचा तुमच्या मुलावर काय परिणाम झाला ते मला पाहू द्या. तो सही देणार नाही, एवढंच असतं तर सोसता आलं असतं. पण ‘ही बाई तुलाच का विचारती, तू काय सांगितलंस तिला’ म्हणून त्याच रात्री बाईला मार बसेल. मार्गदर्शकांशी आणि नैतिकता समितीशी पुष्कळ बोलून असं ठरलं की संमती आईची घ्यायची, तिला एकटीला गाठून सगळं खरं सांगायचं, आणि घरी जो कागद जाईल त्यावर ‘मुलांचं वागणं आणि अभ्यास’ एवढाच विषय असायचा. घरी न्यायचा की नाही, तेही तिनंच ठरवायचं. अनेकींनी तो शेडवरच्या डब्याच्या पिशवीतसुद्धा ठेवला नाही, वाचून परत दिला. आणि मुलाच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं तर मी गप्प बसणार नाही, हेही सुरुवातीलाच सांगायचं. या अटीमुळं काहीजणी उठून गेल्या. ते मला मान्य आहे.

एकाच मुलाबद्दल आई आणि शिक्षक एकच प्रश्नावली भरतात, तेव्हा दोन वेगळी मुलं समोर येतात. आईला रात्री दचकून उठणारं, अंथरूण ओलं करणारं लेकरू दिसतं, शिक्षकाला वह्या पुऱ्या करणारं. आई स्वतः इतकी खचलेली असते की कधी तिला पोराचं साधं रडणंही मोठं वाटतं, कधी मोठंही दिसत नाही. मी दोन्ही कागद तसेच शेजारी शेजारी ठेवते, सरासरी काढत नाही. शिवाय दारू आहे, बागेचं कर्ज आहे, अवकाळीनं एका रात्रीत गेलेला माल आहे, पोराला स्वतःला बसलेला मार आहे. यातलं किती कशामुळं, हे एकदाच भरून घेतलेल्या कागदावरून सांगता येत नाही. माझा प्रबंध ‘याच्यामुळं हे झालं’ असं म्हणणार नाही. या मुलांमध्ये हे दिसतं, एवढं तो म्हणेल.

एका बापानं मला गावच्या पारावर, चारचौघांत विचारलं होतं, ‘माझ्या बापानं माझ्या आईला मारलंच की. मी काय वाया गेलो?’ प्रश्न रागाचा होता, पण त्याला उत्तर देणं भाग होतं. किट्झमन यांच्या आढाव्यात घरची हिंसा पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलं, तशी न पाहिलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट स्थितीत होती. म्हणजे बाकीची तशी नव्हती. सगळी मुलं मोडत नाहीत, आणि तसं म्हणणं त्या मुलांवर अन्याय आहे. हे मी त्याला सांगितलं. मग दुसरी बाजूही सांगितली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात असं दिसतं की जिच्या बापानं तिच्या आईला मारलं, तिलाही नवऱ्याचा मार बसण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. मी त्याला विचारलं, तुमच्या बहिणीचं कसं चाललंय? तो काही बोलला नाही. शेजारचे एक आजोबा म्हणाले, ‘बाई, तिला दोनदा आणून सोडलीया म्हायेराला.’

जी मुलं तगतात ती कशी तगतात, याचाही अभ्यास झालेला आहे. हवाई बेटांपैकी कवाई इथं १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या मागं एमी वर्नर आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं राहिले. गरिबी, कलह, आईवडिलांचे आजार अशा घरांतूनही जी मुलं नीट वाढली, त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. त्या मोठ्या माणसानं मुलाकडून सगळं वदवून घ्यायचं नसतं. माझ्या वर्गात मी एवढं करते: आज काय काय होणार ते सकाळी फळ्यावर लिहिते आणि बदल झाला तर आधी सांगते. आवाज चढवत नाही. त्या दुसरीतल्या मुलाला दाराकडं तोंड करून, भिंतीला पाठ लावून बसायला दिलंय. मागून कुणी येणार नाही हे त्याला कळलं, तेव्हापासून त्याची वजाबाकी पुढं सरकू लागली आहे.

‘नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची’ ही म्हण मला शेडवर अजूनही ऐकवली जाते. दाद मागायची जागा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शिक्षकांना त्यातलं कलम ४ माहीत हवं: हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं, अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आणि बायकांना कलम २१ माहीत हवं. ‘पोरं काढून घेईन’ ही धमकी जवळपास प्रत्येकीनं ऐकलेली असते. या कलमाखाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतात, आणि बापाच्या भेटीनं मुलाला अपाय होईल असं वाटलं तर ती भेटही नाकारू शकतात. मी हे दोन्ही शेडवर तोंडपाठ सांगते, कागद देत नाही. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, हे मदतीचे फोन नंबर मात्र शाळेतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतले आहेत, पाढ्यांच्या शेजारी. बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

ईळी लपवणाऱ्या मुलीच्या आईशी मी बोलले, तिच्या मुलीनं काय सांगितलं ते मुलीला विचारूनच सांगितलं. पुढं काय झालं ते इथं लिहिणार नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

सध्या माझ्या मनात एकच गोष्ट घोळते. पोरानं मारामारी केली की शाळेची पहिली प्रतिक्रिया, ‘उद्या वडिलांना घेऊन ये.’ वडील येतात, मान खाली घालून ऐकतात, घरी जातात आणि बायकोला म्हणतात, ‘तूच लाडावून ठेवलंयस.’ त्या रात्रीचा मार शाळेच्या तक्रारीतून आलेला असतो, आणि पोराला ते पुरतं कळतं. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना मारतो. आयांनी मला हे इतक्या वेळा सांगितलं आहे की प्रबंधात त्याला वेगळं प्रकरण द्यावं लागणार. पण प्रबंध पुरा व्हायला वेळ आहे आणि निरोप रोज जात आहेत. म्हणून पुढच्या महिन्याच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी अर्धा तास मागून घेतला आहे. तिथं मेंदूबद्दल काही सांगणार नाही. २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायची आहे. वडिलांना निरोप धाडण्याआधी त्या समितीतल्या एका बाईनं आईला एकटीला भेटावं, आणि तिनं बोलवा म्हटलं तरच वडिलांना बोलवावं, एवढंच मागणार आहे. केंद्रप्रमुखांनी विषयपत्रिकेत ते घेतलंय, शेवटचा विषय म्हणून. त्यांना फोन करून पहिला करायला सांगायचं आहे, कारण तीननंतर लांबच्या गाड्यांची माणसं उठून जातात.